महोदय, अहो आणि अगं: कॉलेज एसेतला आवाज

प्रश्न: मी साताऱ्याला बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत सेमी-इंग्लिशमध्ये शिकले. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन ॲपचा, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवता येतो त्या सामायिक अर्जाचा, एसे लिहितेय, चार ड्राफ्ट झाले. न्यू जर्सीतला मामेभाऊ म्हणतो, "भाषा चांगली आहे, पण ह्यात तुझा व्हॉइस नाही." कॉलेजातले इंग्रजीचे सर म्हणतात, "भाषा अजून भारदस्त कर." कुणाचं ऐकू? आणि इंग्रजी ही माझी घरात बोलायची भाषाच नाही, तर तिच्यात माझा व्हॉइस आणू कुठून? सोबत चौथा ड्राफ्ट पाठवतेय.

उत्तर:

मामेभावाचं ऐक. सरांवर मात्र रागावू नकोस. ते ज्या परीक्षेसाठी वर्षानुवर्षं मुलं तयार करतायत तिथे भारदस्तपणाला मार्क मिळतात. मी स्वतः आधी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि मीही हेच सांगायचे, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे. गेली अठरा-एकोणीस वर्षं पुण्यात मुलांचे एसे वाचत बसते. पहिली दोन वर्षं मला माझंच शिकवलेलं विसरण्यात गेली.

आपल्याला निबंध कसा शिकवला गेला ते आठव. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक. सुरुवातीला सुविचार, मधे तीन मुद्दे, शेवटी तात्पर्य. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहिलं असशील तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल: कोणत्याही वर्गातली साठ मुलं ते आत्मवृत्त लिहितात आणि साठही पुस्तकं एकाच आवाजात रडतात. दुसरा साचा अर्जलेखनाचा. "माननीय महोदय, वरील विषयान्वये विनंती करण्यात येते की..." आणि खाली "आपली आज्ञाधारक". आता गंमत बघ, कॉलेजला जे पाठवायचं त्याला आपण मराठीत "अर्ज"च म्हणतो. सतरा वर्षांची मुलगी अर्ज लिहायला बसली की तिची पाठ आपोआप ताठ होते, हात जोडले जातात आणि पेनातून महोदय उतरायला लागतात. इंग्रजीत लिहिलं तरी महोदय ते महोदयच.

तुझ्या ड्राफ्टची पहिली दोन वाक्यं मराठीत करून वाचते: "लहानपणापासूनच मला गणिताच्या अद्भुत विश्वाची ओढ आहे. परिश्रम आणि चिकाटी यांच्या जोरावर मनुष्य कोणतेही शिखर सर करू शकतो, यावर माझा दृढ विश्वास आहे." हे तू कुणाला तोंडाने सांगशील का? बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय शिकतेस गं?" तर "अद्भुत विश्व" म्हणशील? त्या बाई पुढच्या स्टॉपला उतरून जातील.

हा एसे कुठे बसतो ते आधी समजून घे. कॉमन ॲपमध्ये शब्दमर्यादा 250 ते 650. सात प्रॉम्प्ट, म्हणजे लिहायला दिलेले प्रश्न, असतात, सातवा म्हणजे "तुला हवं त्या विषयावर लिही", त्यामुळे प्रॉम्प्टवर फार डोकं घालवू नकोस. तुझे मार्क त्या फाइलमध्ये वेगळे आहेतच. दहापर्यंत ॲक्टिव्हिटीज वेगळ्या लिहायच्या असतात, प्रत्येकीचं वर्णन 150 कॅरेक्टर्समध्ये. शिक्षक तुझ्याबद्दल वेगळं पत्र देतात. म्हणजे तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, स्पर्धा जिंकलीस हे सगळं आधीच बोलून झालंय, बहुतेक दुसऱ्यांनी बोललंय. तू स्वतः, तुझ्या तोंडाने, सलग बोलतेस ती जागा हीच. ऐकणारी व्यक्ती त्या हंगामात शेकडो फाइली वाचते. तिला 650 शब्दांत पुन्हा चिकाटी वाचायची नाहीये.

आता आवाजाकडे. या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट व्याकरणातली आहे, आणि तीही मराठीच्या. इंग्रजीत "यू" एकच. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण. आपण तोंड उघडायच्या आधीच समोरचा किती लांब बसलाय हे ठरवतो, आणि त्यावरून सगळं ठरतं: शब्द, वाक्याची लांबी, काय सांगायचं, काय गिळायचं. इंग्रजी लिहिताना हा प्रश्न समोर येत नाही म्हणून आपण तो सोडवतच नाही, आणि हात सवयीने सगळ्यात लांबच्या खुर्चीकडे, "आपण"कडे, जातो. म्हणून लिहायला बसण्याआधी मी मुलांना विचारते: हा एसे मराठीत असता तर वाचणाऱ्याला तू काय म्हटलं असतंस?

महोदय म्हटलंस तर वर दिलंय तसं होतं. काही मुलं याच्या उलट टोकाला जातात. कुणीतरी सांगितलेलं असतं की "कॅज्युअल लिही", मग ती "अरे यार" सुरू करतात, चार ओळींत तीन विनोद आणि प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. तेही सोंगच. बहुतेक मुलांना जे अंतर मानवतं ते "अहो काकू"चं. आईची एखादी मैत्रीण आठव, जी तुला लहानपणापासून ओळखत नाही, पण हुशार आहे, तुझ्यात तिला खरा रस आहे आणि तिच्यापुढे बढाई मारलीस तर हसेल. तिला तू "अहो" म्हणशील, पण घाबरणार नाहीस. तिला घरातलं सांगशील, पण रडगाणं गाणार नाहीस. "पॅशनेट" हा शब्द तिच्यासमोर तुझ्या तोंडून निघणार नाही.

तुझ्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे, अगदी जाता जाता टाकलेलं: आई घरी ब्लाउज शिवते आणि मापाची वही मी ठेवते. पुढच्याच ओळीत तू "तिच्याकडून मी परिश्रमाचे महत्त्व शिकले" म्हणून मोकळी झालीस आणि पुन्हा गणित ऑलिम्पियाडकडे वळलीस. अगं, वही! ती उघड ना. तिथे छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, गळा असे रकाने असणार. किती बायकांची मापं आहेत? एकाच बाईची तीन वर्षांची मापं एकाखाली एक असतील तर त्या आकड्यांत काय काय दिसतं? माझ्या ब्लाउज शिवणाऱ्या ताई मी "मागच्याच मापाचा शिवा" म्हटलं की मान डोलवतात, आणि तरीही गप्पा मारता मारता टेप फिरवून घेतात. नवा आकडा लिहितात, मला सांगत नाहीत. तुझ्या आईकडे असं काही होतं का, आणि तो आकडा लिहिताना तू काय करतेस? तुला स्टॅटिस्टिक्स शिकायचंय असं तू लिहिलंयस. माहिती गोळा करणं, तिच्यातली चूक ओळखणं, आणि कुणाचा आकडा कुणासमोर मोठ्याने वाचायचा नसतो हे कळणं, ते सगळं तू जेवणाच्या आधी शिवणाच्या मशीनशेजारी बसून शिकली असशील. मी अंदाज बांधतेय, खरं काय ते तुलाच माहीत. माझा अंदाज मात्र उचलून लिहू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: बोलायची भाषा एक, लिहायची दुसरी, मग आवाज आणायचा कुठून?

आज रात्री एक कर. एसेची फाइल बंद ठेव. एखाद्या मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठव, मराठीत, किंवा तुम्ही बोलता त्या धेडगुजरी मराठीत. विषय वही. मैत्रीण खरी हवी आणि नोट खरंच पाठवायची. नुसतं रेकॉर्ड केलंस तर भाषण होतं, माझ्याकडे हे कितीदा झालंय. मग ती नोट शब्दशः उतरवून काढ. "म्हणजे", "तर", "ए ऐक ना" सगळं राहू दे. आता तो कागद समोर ठेवून बघ: सुरुवात कुठून केलीस, काय आधी सांगितलंस, कुठे हसलीस, कुठे आवाज खाली गेला. तुझा आवाज त्या क्रमात आहे. इंग्रजी शब्द नंतर येतील, हा क्रम मोडू नकोस.

पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलंस तर पुन्हा मेलेलं काहीतरी हाती लागेल. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. मराठीत आपला सूर बहुतेक वेळा बारीकशा अव्ययांत लपलेला असतो. "च", "म्हणे", "तरी", "बरं का", "ना". "वही मी लिहिते" आणि "वही मीच लिहिते" यांत केवढा फरक आहे. दुसऱ्यात थोडा हक्क आहे, थोडी मिजास आहे, कदाचित धाकट्या भावाला टोमणाही आहे. इंग्रजीत "च" नाही. नवखी मुलं तिथे "ओन्ली" लावतात, "आय ओन्ली राइट" होतं, आणि अर्थ भलताच होऊन बसतो. त्या "च"साठी इंग्रजीत अख्खं वाक्य खर्च करावं लागतं. उदाहरणार्थ: त्या वहीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं आईला चालत नाही, एकदा भावाने 34 चा आकडा असा काढला की तो 39 वाचला गेला. बघ, "च" उलगडला की तिथे एक प्रसंग निघाला. "म्हणे"चंही तसंच. "आजीला म्हणे डोळे मिटून माप कळायचं" यात तू आजीची गोष्ट सांगतेस आणि तिच्यावर पूर्ण विश्वास नाही हेही सांगतेस. इंग्रजीत हा अविश्वास वेगळा मांडावा लागतो: घरात सगळे असं सांगतात, मी मात्र ते कधी पाहिलं नाही. उतरवलेल्या व्हॉइस नोटमधली अशी अव्ययं पेन्सिलने गोल कर. प्रत्येक गोलाखाली एक वाक्य दडलेलं असतं. मी हे एसे लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाकडून करून घेते, आणि "माझी इंग्रजी कच्ची आहे" म्हणणाऱ्या मुलांचे एसे यातूनच उभे राहतात. सफाईदार इंग्रजी येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांना उलट जास्त त्रास होतो, कारण त्यांच्याकडे तयार वाक्यं फार असतात.

इंग्रजी साधी ठेव, लहान वाक्यं चालतील. आपल्याकडची इंग्रजी पूर्ण धुऊन काढायची गरज नाही. फक्त तेवढंच बदलायचं जिथे तिकडच्या वाचकाला वेगळाच अर्थ लागेल. "पास आउट झालो" म्हणजे त्याच्या लेखी चक्कर येऊन पडलो. "आय हॅव अ डाउट" म्हणजे माझा विश्वास नाही. हे बदल. स्पेलिंग ब्रिटिश असलं तरी चालतं, एकसारखं असावं. मराठी शब्द ठेवायचे तर दोन-तीन ठेव, आणि कंसात अर्थ देऊ नकोस. मुंढा म्हणजे काय ते आई टेप कुठून कुठे धरते यावरून कळू दे. कंस आला की तू गाइड होतेस आणि काकू पर्यटक.

एका आवाजाबद्दल मला जरा चिडून बोलायचंय, तुझ्या ड्राफ्टमध्ये तो नाही तरीही. सुट्टीत एखाद्या संस्थेत जाऊन वस्तीतल्या मुलांना शिकवलं, आणि "त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून माझं आयुष्य बदललं". दर वर्षी असे एसे माझ्याकडे येतात. त्यांत मुलांना नावं नसतात, ती काही बोलत नाहीत, फक्त हसतात. लिहिणारा नकळत उंचावर उभा असतो आणि त्या उंचीचा आवाज सगळ्या वाक्यांतून येतो. एका मुलाला मी म्हटलं, त्यातल्या एका तरी पोराने तुला काही उलट बोलल्याचं आठवतं का? म्हणाला, हो, एक जण म्हणाला होता, "दादा, तुम्ही परत येणार नाही ना, मग शुद्धलेखन कशाला देता?" आणि हे वाक्य त्याने एसेतून काढून टाकलं होतं! कारण ते वाईट दिसत होतं म्हणे. मग एसे त्या वाक्यापासून सुरू केला आणि आवाज आपोआप जमिनीवर आला. याचीच दुसरी बाजू म्हणजे आपल्याच घरच्या ओढाताणीला संघर्षाचा साज चढवणं. तुझी आई शिवण करते म्हणून कुणी सुचवेल, "गरिबीवर लिही, चालतं." घरात पैशाची ओढ असेल तर ती मशीनच्या आवाजातून, लग्नसराईतल्या रात्रींतून दिसेलच. तिला स्टेजवर उभं करू नकोस. आईला वाचून दाखवताना तिला अवघडल्यासारखं झालं, तर तो परिच्छेद चुकीच्या आवाजात आहे असं समज.

माझी एक चूकही सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा यायचा, अगदी तुटक बोलणारा. चार शब्दांची वाक्यं, मधे गप्प. एसेही तसाच लिहिलेला. मला तो ओबडधोबड वाटला. मी दोन बैठकांत त्याला छान वळणदार केला, वाक्यं जोडली, एक उपमाही घातली, आणि मनातून खूश झाले. मग त्याला मोठ्याने वाचायला लावलं. तो तीन ठिकाणी अडखळला, तिन्ही ठिकाणी माझे शब्द होते. कागद खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, चांगलंय. पण हा मुलगा माझ्यापेक्षा जास्त बोलतो." आम्ही जुना ड्राफ्ट परत काढला, फक्त क्रम बदलला आणि स्पेलिंगं सुधारली. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या एसेवर पेन चालवत नाही, समासात फक्त प्रश्न लिहिते. काका, मामा, दादा, काउन्सेलर, ज्याला ज्याला दाखवशील त्यालाही हेच सांग: प्रश्न विचारा, वाक्य सुचवू नका. आणि दोन-तीन जणांपलीकडे दाखवू नकोस. सात हात लागले की पुरणाची पोळी फाटते.

एआयचं विचारलं नाहीस, पण चौथ्या ड्राफ्टचा दुसरा परिच्छेद वाचून मला शंका आली, म्हणून बोलते. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. हे एक. ड्यूक युनिव्हर्सिटीने 2024 मध्ये एसेला आकड्यात गुण देणंच थांबवलं. एआय आणि भाड्याचे सल्लागार या दोघांमुळे एसेवरून मुलाचं लेखनकौशल्य जोखता येत नाही, असं त्यांच्या प्रवेशप्रमुखांनी सांगितलं. एसे वाचणं मात्र चालू ठेवलं, मूल कोण आहे हे समजावं म्हणून. तेव्हा सफाईदार भाषेने आता फारसं काही पदरात पडणार नाही. 39 वाचला गेलेला 34 एआयला माहीत नसतो.

सगळीकडे "अहो काकू" चालत नाही, हेही लक्षात ठेव. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज कॉमन ॲपवर नसतो, वेगळा असतो. तिथे आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त 350 शब्द. तिथे गोष्ट रंगवत बसायला जागा नाही. मुलाखतीत समोरच्या बाईंनी नेमकं विचारलंय आणि तू नेमकं सांगतेयस, असा सूर हवा: काय झालं, मी काय केलं, त्याने काय बदललं. ते साधारणपणे शिफारसपत्रं मागत नाहीत, त्यामुळे तुझी कामं तुलाच सांगावी लागतात, तिथे संकोच करू नकोस. स्टॅनफर्डच्या छोट्या एसेंमध्ये होणाऱ्या रूममेटला चिठ्ठी लिहायची असते. तिथे सरळ "अगं". रात्री मशीनच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, असलं काही तिथे शोभतं, काकूंपुढे नाही. शिकागो युनिव्हर्सिटीचे प्रश्न मुद्दाम तिरपागडे असतात, तिथे तुझा खट्याळपणा मोकळा सोड, पण विचार पक्का हवा. इंग्लंडला अर्ज करणार असशील तर ते वेगळंच गाव. तिथल्या यूकासच्या, म्हणजे सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या सामायिक, अर्जात 2026 च्या प्रवेशांपासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आले, तिन्ही मिळून 4000 कॅरेक्टर्स. त्यांना तुझा विषय ऐकायचाय. मापाची वही तिथे फार तर दोन ओळी, उरलेलं स्टॅटिस्टिक्सवर, जणू त्या विषयाच्या प्राध्यापिका समोर बसल्यात.

आता कामाचं. चौथा ड्राफ्ट पुसू नकोस, बाजूला ठेव. त्यातला ऑलिम्पियाड ॲक्टिव्हिटीजच्या यादीत जाऊ दे. बऱ्याच कॉलेजांच्या अर्ली, म्हणजे लवकर अर्ज करायच्या, फेरीची मुदत 1 नोव्हेंबरला असते, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास, आणि तेव्हा तुमच्या घरी ब्लाउजांचा ढीग असणार. हिशोब त्याप्रमाणे लाव. नवा ड्राफ्ट झाला की शेवटचा परिच्छेद कापून बघ. आपण सगळे तात्पर्याला चटावलेले, "या अनुभवातून मी शिकले की" ही ओळ हात धरून लिहवून घेते. दहापैकी आठ वेळा एसे त्याआधीच संपलेला असतो. मग एकदा आईला वाचून दाखव. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत सांगत सांगत वाच. ती मधेच "नाही गं, त्या दिवशी तसं नव्हतं झालं" म्हणाली तर तिथे थांब आणि पेन उचल.

पाचवा ड्राफ्ट मला पाठव. त्या वहीत तुझं स्वतःचं माप कितव्या पानावर आहे आणि ते कोण लिहितं, हे त्यात असलं तर बघ.